अग्निरोधक, पण किती वेळ?

प्रश्न : आमच्या इमारतीत जिन्याच्या तोंडाशी नवे दरवाजे बसवले आहेत. त्यांच्या पट्टीवर हिंदीत 'अग्निरोधी द्वार, 120 मिनट' असे लिहिले आहे. सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त आम्ही मराठीत ठेवतो. त्यासाठी एकाने 'अग्निरोधक' आणि दुसऱ्याने 'अग्निसह' हा शब्द सुचवला. योग्य कोणता? आणि दोन तास हा दरवाजा जळतच नाही, असे समजायचे का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण शब्दाची निवड त्यावरच ठरते. दरवाजा जळतो की नाही, याविषयी पट्टीवरचा आकडा काहीच सांगत नाही. एका बाजूला आग भडकलेली असताना ती दुसऱ्या बाजूला जाऊ न देण्याचे काम तो किती वेळ करील, एवढेच त्यातून कळते. चाचणीच्या वेळी दरवाजा चौकटीसकट भट्टीच्या तोंडाशी बसवतात आणि भट्टीचे तापमान ठरलेल्या क्रमाने वाढवत नेतात : अर्ध्या तासाला सुमारे 840, तासाला 945 आणि दोन तासांना जवळजवळ 1050 अंश सेल्सिअस. तेवढ्या अवधीत दरवाजा कोसळता कामा नये आणि त्याच्या फटींतून ज्वाला वा तापलेले वायू पलीकडे जाता कामा नयेत. उष्णता अडवण्याचीही हमी दिलेली असेल, तर पलीकडच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी 140 अंशांहून अधिक वाढलेले चालत नाही. भट्टीकडची बाजू मात्र काळीठिक्कर पडली तरी हरकत नसते.

म्हणूनच जाड, भरीव लाकडाचा दरवाजाही काही काळ अग्निरोधक ठरू शकतो. लाकूड मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर या गतीने कोळसा होत जाते आणि तो कोळशाचा थरच आतल्या लाकडाला सांभाळतो. उलट, पोलादी तुळई पेट घेत नाही. पण 550 ते 600 अंशांच्या आसपास तिचे निम्मे बळ जाते आणि ती वाकू लागते. तिला 'अदाह्य' म्हणावे. नुसत्या, उघड्या तुळईला अग्निरोधक म्हणणे धाडसाचे होईल.

आता शब्दाकडे वळू. 'अग्निसह' म्हणजे आगीची आच सोसणारा. हे विशेषण पदार्थाला शोभते, जसे की भट्टीच्या विटांना, ज्यांना पाठ्यपुस्तकांत 'उच्चतापसह' म्हणतात. दरवाजाकडून सोसण्याबरोबर अडवण्याची अपेक्षा असते, म्हणून माझा कौल 'अग्निरोधक' या शब्दाला आहे. हिंदीतला 'अग्निरोधी' मराठीतही चुकीचा नाही. केवळ पट्टी हिंदी आहे म्हणून तो टाळण्याचे कारण दिसत नाही. 'ज्वालारोधी' हा शब्द मात्र पडद्यांच्या कापडासाठी राखून ठेवावा, कारण ते कापड पेट उशिरा घेते एवढेच. खोलीतली आग ते अडवत नाही. आग विझवणाऱ्या नळकांड्याला 'अग्निशामक' म्हणतात, हे सर्वांना ठाऊक असूनही इतिवृत्तांत सर्वाधिक घोटाळा याच शब्दाचा होतो.

विशेषण कोणत्या भागाचे आणि किती वेळासाठी, हे दोन्ही लिहावे. आपल्या इंदूरच्या राजवाड्याला 1801, 1908 आणि 1984 मध्ये आग लागली; त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी होते, तेव्हा संबंध वाड्याला एकच विशेषण कसे लावणार? नव्या इमारतींतही भिंत, तुळई आणि दार यांचे आकडे वेगवेगळे असतात. इतिवृत्तात 'जिन्याच्या तोंडाशी 120 मिनिटांच्या अग्निरोधाचे दरवाजे बसवले' असे वाक्य पुरेसे आहे.

तो आकडा बंद दरवाजाचा असतो, हेही त्याच सभेत सांगून टाका. वारा यावा म्हणून दाराला वीट लावून ठेवली, की पट्टीवरच्या मजकुराला अर्थ उरत नाही. दाराच्या कडेच्या खाचेत बोटभर रुंदीची पट्टी दिसेल. ती तापली की फुगते आणि फट बुजवते. रंगाऱ्याला ती खरवडू देऊ नका.

प्रश्न : 'फायरप्रूफ' तिजोरीत दस्तऐवज, जुने फोटो आणि पेनड्राइव्ह एकत्र ठेवले तर चालतील का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : इथेही आधी मिनिटे पाहावीत. कागदांसाठीच्या तिजोरीत आतले तापमान ठरावीक वेळ सुमारे 175 अंशांच्या खाली राहील, अशी रचना असते. तिच्या भिंतींतला भराव तापल्यावर पाण्याची वाफ सोडतो आणि उष्णता शोषून घेतो. त्यामुळे दस्तऐवज वाचतील. पेनड्राइव्ह मात्र त्याच्या कितीतरी आधी निकामी होईल, आणि वाफेने फोटो एकमेकांना चिकटतील. अशा वस्तूंसाठी आतले तापमान 52 अंशांच्या आसपास रोखणाऱ्या वेगळ्या पेट्या मिळतात. त्या महाग पडतात, म्हणून पेनड्राइव्हची दुसरी प्रत नातेवाइकांकडे ठेवणे अधिक सोयीचे.