छाती ४४ इंच, तरी धाप का लागते?

प्रश्न : सर, मी येळ्ळूरचा, वय २०. उंची साडेपाच फूट, वजन ९२ किलो, छाती ४४ इंच. तालमीत जोडीला कुणाला ऐकत नाही, पण पहाटे राजहंसगड पळत चढायचा म्हटलं की निम्म्यातच धाप लागते. माझा ६२ किलोचा सहाफुटी लुकडा दोस्त गप्पा मारत वर पोचतो. वस्ताद म्हणतात, "एवढी छाती, मग दम कुठं गेला?" वजन उतरवू का?

उत्तर : पैलवान, वस्तादांचा मान राखून सांगतो, छातीला टेप लावून दमसास कळत नाही. तुझ्या ४४ इंचांत पाठीचं आणि छातीचं मांसच किती भरलंय! फुंकायला लावून फुप्फुसं तपासतात ना, त्या स्पायरोमेट्रीत उंची, वय, बाई की पुरुष हे विचारतात. छातीचा घेर कुणी विचारत नाही. त्या हिशेबात तुझा दोस्त मुळातच पुढं.

आता त्याच्या डोक्यावर ३० किलोचा गुळाचा रवा दे आणि मग चढ म्हणावं गड! चढावर प्रत्येक पावलाला सगळं अंग वर उचलावं लागतं. आखाड्यात मात्र तेच वजन तुझ्या कामाचं. बुटका, रुंद गडी खाली बसला की हलवून दाखवा म्हणावं. गडावरून पैलवानाची पारख करायचीच कशाला?

पोट मात्र बघ. उताणा झोप, एक तळवा छातीवर, दुसरा बेंबीवर. सावकाश श्वास घेताना बेंबीवरचा हात आधी उचलला पाहिजे. पोटात चरबी साठली की छाती-पोटामधला पडदा वर रेटला जातो आणि श्वास आखूड पडतो. म्हणून उतरवायचा तो पोटाचा घेर, तोही हळूहळू. पाणी तोडून, घाम गाळून काटा खाली आणलास तर दम आणखी जाईल.

मॅटवर ३-३ मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद. त्याच मेळानं लढत कर. गड चढ, पण बोलता येईल अशा चालीनं. उतरताना पळू नकोस, सगळा दणका गुडघ्यांवर बसतो. फेरीनंतर मांड्यांवर हात टेकून वाकलास तर वस्ताद ओरडतील. ओरडू देत. वाकल्यावर त्या पडद्याला हलायला सोपं जातं.

श्वासात शिट्टी वाजत असेल, छातीत दुखत असेल किंवा डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, तर मात्र गड आणि आखाडा दोन्ही बंद ठेवून आधी डॉक्टरांना दाखव.