नऊ वर्षांच्या टॉमला रिफॉर्मेटरीत धाडता येईल का?

प्रश्न : गावच्या जत्रेसाठी १८७० सालच्या लंडनवर नाटक लिहितोय. ९ वर्षांचा अनाथ टॉम पहिल्यांदाच चोरी करतो, तीही एका पावाची. ज्यूरी त्याला दोषी ठरवते आणि न्यायाधीश त्याला थेट, ‘सुधारेपर्यंत’ रिफॉर्मेटरीत, म्हणजे बालगुन्हेगारांच्या सुधारशाळेत, धाडतात. तालमीत एका नटाने हरकत घेतली. प्रवेश चुकलाय का? आणि असा कायदा तेव्हा गोव्यात होता का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तो नट सांभाळून ठेवा, त्याचं बरोबर आहे. १८७० साली १८६६चा रिफॉर्मेटरी कायदा चालू होता. १६ वर्षांखालचा मुलगा दोषी ठरला, की आधी किमान १० दिवस तुरुंग आणि मग २ ते ५ वर्षं रिफॉर्मेटरी. मुदत निकालातच सांगायची, त्यामुळे ‘सुधारेपर्यंत’ हा शब्द काढा. आधीच्या, १८५४च्या कायद्यात तुरुंगाचे दिवस १४ होते. गुन्हा केला की पोराला फुकट जेवण आणि धंदेशिक्षण मिळतं, असं आईबापांना वाटू नये, ही त्यामागची धास्ती. म्हणूनच आईबापांकडून आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत वसुलीचीही तरतूद होती. पण ज्यांच्या घरातच चूल पेटत नाही, त्यांच्याकडून वसूल काय करणार! १८५२ साली ब्रिस्टलजवळ किंग्जवूडची शाळा काढणाऱ्या मेरी कार्पेंटर यांचा या तुरुंगवासाला विरोध होता. हा तुरुंगवास ऐच्छिक व्हायला १८९३ उजाडलं, रद्द व्हायला १८९९.

आता टॉमचं वय. १० वर्षांखालच्या मुलावर आधी कधी गुन्ह्याचा आरोप आलेला नसेल, तर खालच्या कोर्टाला त्याला रिफॉर्मेटरीत पाठवता येत नसे. आणि पावाच्या चोरीसाठी ज्यूरी कशाला बसेल? लंडनमध्ये असलं प्रकरण पोलीस कोर्टाचा मॅजिस्ट्रेट एकटाच उरकत असे. तेव्हा टॉमला १२ वर्षांचा करा. ९ वर्षांचाच हवा असेल तर चोरी काढा, त्याला रस्त्यावर भीक मागताना पकडा आणि इंडस्ट्रियल स्कूलमध्ये पाठवा. ती संस्था निराळी : १४ वर्षांखालच्या निराधार, भटक्या मुलांसाठी. आधी तुरुंग नाही, मुक्काम फार तर १६ वर्षांचा होईपर्यंत. नाटकवाले या दोन्हींची नेहमी खिचडी करतात.

नेपथ्याला काही भव्य हवं असेल तर रिफॉर्मेटरी म्हणून वापरलेलं जहाज दाखवा. लिव्हरपूलच्या मर्सी नदीत प्रोटेस्टंट मुलांसाठी ‘अकबर’ होतं, कॅथलिक मुलांसाठी ‘क्लॅरेन्स’. क्लॅरेन्स मुलांनीच पेटवलं, पण ते १८८४ साली. तुमच्या प्रवेशात आग नको.

गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य, त्यामुळे इंग्रजांचा हा कायदा इथं लागू नव्हता. मुंबईत सापडलेला गोव्याचा पोर मात्र ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्यात अडके. तिथला रिफॉर्मेटरी कायदा १८७६चा, नंतर १८९७चा. दुसऱ्यात १५ वर्षांखालचे फक्त मुलगे, मुदत ३ ते ७ वर्षं, आणि १८ पूर्ण झाली की सुटका.