डेल्फ्टला क्वांटम शिकायला येऊ का?

तुझी मेल दोनदा वाचली. सांगलीत ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या) शेवटच्या वर्षाला आहेस, नेदरलँड्समधली डेल्फ्ट आणि लायडन विद्यापीठं मिळून चालवतात त्या क्वांटमच्या एम.एस्सी.ला अर्ज करायचाय, आणि मनात दोन भीती आहेत. फिजिक्स कच्चं आहे, आणि पीएचडी नसेल तर या क्षेत्रात कोणी दारात उभं करणार नाही.

आधी दुसरी भीती काढून टाक. मी पुण्याहून येऊन इथे इलेक्ट्रिकलचं एम.एस्सी. केलं. पीएचडी केली नाही, तरी क्युबिटसाठी, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधल्या माहितीच्या मूळ एककासाठी, लागणारं इलेक्ट्रॉनिक्सच बनवते. २०१४ साली इथे क्यूटेक ही क्वांटम संशोधन संस्था सुरू झाली आणि तिच्या आसपास क्युब्लॉक्स, क्वांटवेअर, डेल्फ्ट सर्किट्स अशा कंपन्या उभ्या राहिल्या. या उद्योगाला आरएफ (रेडिओ लहरींची सर्किटं), एफपीजीए (हवी तशी जोडणी करता येणारी चिप), क्रायोजेनिक्स (अतिथंड तापमानाचं तंत्र) जाणणारी माणसं लागतात. नव्या प्रकारच्या क्युबिटवर किंवा अल्गोरिदमवर संशोधन करायचं असेल तर मात्र पीएचडी हवीच. इथे ती साधारण चार वर्षांची पगारी नोकरी असते.

काम कसं असतं ते सांगते. क्युबिट ज्यात थंड ठेवतात त्या डायल्युशन फ्रिजमध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या थाळ्या एकाखाली एक टांगलेल्या असतात. सगळ्यात खालची १०-२० मिलिकेल्व्हिनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर. वरून उतरणाऱ्या केबलवर टप्प्याटप्प्याने ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल क्षीण करणारे भाग, बसवतात. खोलीच्या तापमानाचा नॉइज क्युबिटपर्यंत पोचू नये म्हणून सिग्नल मुद्दाम ६० डीबीच्या आसपास, म्हणजे पॉवर दहा लाख पटींनी, कमी करायचा. मायक्रोवेव्हच्या पेपरला तू जे डेसिबल घोकलेस ते हेच गं! एकदा माझ्याकडून केबलचा एक एसएमए कनेक्टर टॉर्क रेंचने नीट आवळायचा राहिला. कळलं ते सगळं थंड झाल्यावर. फ्रिज गरम करा, उघडा, आवळा, परत थंड करा, यात अख्खा आठवडा गेला. त्या दिवसापासून मी प्रत्येक कनेक्टरवर मार्करने खूण करते. हा हात पुस्तकातून येत नाही, म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये व्हीएनए (मायक्रोवेव्ह सर्किट मोजायचं यंत्र) असेल तर आत्ताच त्याच्यावर बसायला लाग.

फिजिक्सचं म्हणशील, तर पहिल्या सत्रात अडतं ते लिनिअर अल्जेब्रावर. आयगेन व्हॅल्यू, कॉम्प्लेक्स मॅट्रिक्स, टेन्सर प्रॉडक्ट एवढं हातात बसव. क्यूटेकचे अभ्यासक्रम एडएक्स या ऑनलाइन शिकायच्या साइटवर आहेत, आणि क्यूटेकच्याच क्वांटम इन्स्पायर या ऑनलाइन सेवेवर घरबसल्या सर्किट चालवून बघता येतं.

पैशांचं स्पष्ट बोलते. युरोपबाहेरच्यांना फी वर्षाला २० हजार युरोंच्या वर जाते, खाणंराहणं वेगळं. शिकताना आठवड्याला १६ तास, नाहीतर फक्त जून ते ऑगस्ट पूर्णवेळ, एवढंच काम करता येतं, तेही मालकाने परवाना काढला तर. पार्टटाइमवर घरभाडं निघेल असा हिशोब बाबांना दाखवू नकोस. खोली मिळणं फार अवघड आहे, प्रवेश पक्का झाला की त्याच दिवशी शोधायला लाग. पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो, त्याला इथे झूकयार म्हणतात.

आणि सगळं कर्ज काढूनच होणार असेल, तर आधी बंगळूरच्या आयआयएससीच्या क्वांटम टेक्नॉलॉजीच्या एम.टेक.चा विचार कर. २०२३ मध्ये सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटी रुपयांहून जास्त रकमेची मंजुरी दिली, त्यातलं क्वांटम सेन्सिंगचं (अतिसूक्ष्म मोजमापाचं) केंद्र आयआयटी मुंबईत आहे. मुंबईच्याच टीआयएफआर या संशोधन संस्थेत सुपरकंडक्टिंग (विरोधाशिवाय वीज वाहणाऱ्या धातूच्या) क्युबिटवर चांगलं काम चालतं. तिथे प्रोजेक्ट करून डेल्फ्टला पगारी पीएचडीसाठी येता येतं, कर्जाशिवाय. तुझ्या जागी माझी बहीण असती तर मी तिला हाच रस्ता सुचवला असता.

गुणपत्रकं आणि प्रोजेक्ट रिपोर्ट पाठव. मोटिव्हेशन लेटरचा पहिला मसुदा मी वाचून देते.