आधी गवत, मग झाड

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

हवाईतल्या माउई बेटावर, आउवाहीचं रान पुन्हा उभं करायचं काम तुला मिळाल्याचं कळलं. हवाई म्हटलं की लोकांना नारळ आणि धबधबे आठवतात. आउवाही मात्र हालेआकाला डोंगराच्या पाठीवर, पर्जन्यछायेत आहे. घाटमाथा ओलांडून माणदेशात उतरल्यासारखं वाटेल तुला. असलं कोरडं रान हवाईत नव्वद टक्क्यांहून जास्त संपलंय. १७७८ मध्ये शेळ्या आल्या, १७९३ मध्ये गुरं. चितळ मूळचे आपल्याकडचे. ते १९५९ मध्ये शिकारीसाठी म्हणून माउईवर सोडले. आता रोपं कुरतडतात. त्यामुळे कुंपण उंचच लागतं.

तिथे पोचलास की रोपं लावायला हात शिवशिवतील. जरा दम धर. आपल्याकडे ५ जूनला किती खड्डे खणले ते मोजतात, पुढच्या मे महिन्यात त्यांतलं काय जगलं ते कोणी बघायला जात नाही.

आउवाहीत १९९७ मध्ये वनस्पती-संशोधक आर्थर मेडेरोस आणि सोबत्यांनी पहिल्या दहा एकरांना कुंपण घातलं. जमीन खासगी, गुरं पाळणाऱ्यांची, पण मालकांनी साथ दिली. (असे मालक जपावेत. त्यांना व्याख्यानं देऊ नयेत.) तिथे म्हातारी झाडं उभी होती, त्यांच्याखाली रोपटं नव्हतं. चाऱ्यासाठी आणलेल्या किकुयू गवताची गादी इतकी जाड, की बी मातीला टेकतच नव्हतं. नुसती गुरं बाहेर ठेवली तर गवत आणखी माजतं. म्हणून त्यांनी तणनाशकाने ते मारलं. तू सेंद्रियवाला आहेस, तुला हे खटकेल. तरी आधी नीट बघ. मेलेलं गवत उपटलं नाही. त्याने ओल धरली. त्यात अआलीईची झुडपं दाटीने लावली. ही आपली जखमीच, बागेच्या कडेला विलायती मेंदी म्हणून लावतात ती. किकुयू सुमारे ७५ टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आलं आणि झुडपांच्या सावलीत मोठ्या झाडांची रोपं न लावता उगवू लागली. तुझ्या वहीत पहिला रकाना याच रोपांचा ठेव, लावलेल्यांचा नंतर.

गवताचा दुसरा धोका आगीचा. ऑगस्ट २०२३ मध्ये लाहायना जळालं, शंभरावर माणसं गेली. सोडून दिलेल्या ऊसमळ्यांत वाढलेल्या परक्या गवताने ती आग पोसली होती. हवाईच्या देशी झाडांना आगीची सवय नाही. जळाल्या जागी पुन्हा गवतच आधी येतं.

विलीविली दिसला की थांबून बघ, आपल्या पांगाऱ्याचा भाऊ आहे. २००५ मध्ये बारीकशी गाठमाशी आली आणि त्याची पानं गाठींनी वेडीवाकडी झाली. २००८ मध्ये टांझानियाहून तिचा शत्रू आणून सोडला, तेव्हा झाडं पालवली. फुलं-शेंगांना अजूनही त्रास होतो, म्हणून बी गोळा करताना प्रत्येक शेंग तपासून घे.

आणि निघण्याआधी बुटांचे तळ ब्रशने घास, सॅकचे कप्पे उलटे कर. मोज्यांत सह्याद्रीतली कुसळं अडकलेली असतील, ती चिमट्याने काढ. जमलं तर मोजे नवेच घे.

तुझा,
काका