सीपॅप परत देण्याआधी मास्क तपासा

नेरूळच्या ताई, तुमच्या मिस्टरांना स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार आहे, आणि स्लीप स्टडीत (झोपेच्या तपासणीत) त्यांचा एएचआय, म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडतो तो आकडा, 42 आला. महिनाभर सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन, लावूनही तोंड कोरडं पडतं, पहाटे मास्क उशीशेजारी सापडतो. आता टाळूचं ऑपरेशन करून मशीन परत द्यावं का, असं विचारलंत. कृपा करून घाई करू नका. एएचआय 30 च्या वर गेला की आजार तीव्र समजतात. 42 म्हणजे झोपेत तासाला सरासरी 42 वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो. मोठ्या माणसांत टाळूच्या ऑपरेशनने घोरण्याचा आवाज कमी होतो, पण श्वास अडणं पुष्कळदा उरतं, आणि आवाज नसला की घरात कुणाला ते कळतही नाही. ऑपरेशन केलंच तर स्लीप स्टडी पुन्हा करा. टॉन्सिल खूप मोठे असतील तर मात्र ईएनटीचं मत आधी घ्या.

वर्णनावरून अडचण मास्कची वाटते. नाकाच्या मास्कमध्ये झोपेत तोंड उघडलं की हवा तोंडावाटे पळते, कोरड त्यामुळेच. नाक चोंदत असेल तर झोपण्याआधी सलाइनने धुवा. तरीही तोंड उघडंच राहिलं तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क मागा.

मास्क बसून लावू नका. आडवं व्हा, मशीन चालू करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचला, त्याची सिलिकॉनची कुशन फुगली की परत टेकवा, मग पट्टे ओढा. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. फार आवळला तर कुशन चेपते आणि गळती उलट वाढते. रात्री डोक्याला तेल लावत असतील तर ते सकाळी लावू दे. तेलकट कातडीवर सिलिकॉन घसरतं. कुशन रोज सौम्य साबणाने धुवा.

ह्युमिडिफायरमध्ये (मशीनची हवा ओलसर करणाऱ्या टाकीत) टँकरचं किंवा नळाचं पाणी नको, क्षार साचतात. डिस्टिल्ड वॉटर घाला. एसीत नळी गार पडून आत पाणी धरतं, गुडगुड ऐकू येते. तेव्हा आर्द्रता एक-दोन अंकांनी उतरवा, नळीला कापडी कव्हर घाला, मशीन गादीपेक्षा खाली ठेवा. आजूबाजूला बांधकामं चालू असतील तर फिल्टर दर पंधरवड्याला बघा. काळा पडलेला कागदी फिल्टर धुऊ नका, बदला. वीज गेली आणि इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर ह्युमिडिफायरचा हीटर बंद करा, जास्त वीज तोच खातो.

वजन 10 टक्के उतरलं तर एएचआय साधारण पाव हिश्श्याने कमी होतो, म्हणून तेही चालू ठेवा. दातांत बसवायचं, खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण मुख्यतः सौम्य-मध्यम आजाराला. 42 ला पहिली निवड ते नव्हे.

सकाळी मशीनवर तीन आकडे बघा: वापराचे तास, गळती, उरलेला एएचआय. तो 5 च्या खाली हवा. गळती थांबूनही तो वर राहिला तर प्रेशर स्वतः बदलू नका, आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि दिवसा डुलकी येते तोवर पाम बीच रोडवर गाडी त्यांच्या हाती देऊ नका.