बीटाकॅम व्हिडिओ टेपवरचा टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असा क्रमांक) ड्रॉप-फ्रेम आहे की नॉन-ड्रॉप, हे कसं ओळखायचं?

मिनिट बदलताना फ्रेमचा आकडा बघा. डेकवर, म्हणजे टेप चालवणाऱ्या यंत्रावर, जॉग करत (टेप हळूहळू फ्रेम-फ्रेमने सरकवत) ०१:००:५९:२९ च्या पुढे एक फ्रेम सरका: ०१:०१:००:०२ दिसलं तर ड्रॉप-फ्रेम, ०१:०१:००:०० दिसलं तर नॉन-ड्रॉप. एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीचा खरा वेग सेकंदाला २९.९७ फ्रेम, ३० धरून मोजलं की तासाला १०८ फ्रेमचा फरक पडतो. तो मिटवायला ड्रॉप-फ्रेममध्ये दर मिनिटाला दोन आकडे गाळतात. गळतात ते फक्त आकडे, चित्र एकही जात नाही. दहाव्या, विसाव्या अशा मिनिटांना मात्र काहीच गाळत नाहीत, तिथे तपासू नका. आणि आकडा २४ नंतर शून्यावर येत असेल तर टेप सेकंदाला २५ फ्रेमची, म्हणजे पाल (PAL) या टीव्ही पद्धतीची. तिथे हा प्रश्नच नाही. जॉग करताना टेपवर व्हीआयटीसी (चित्राच्या सिग्नलमध्येच लिहिलेला टाइमकोड) असेल तर तोच वाचा, एलटीसी (वेगळ्या ट्रॅकवर लिहिलेला टाइमकोड) फार संथ गतीत धड वाचला जात नाही.