‘फील फ्री टू रीच आउट’ कितपत मनावर घ्यायचं?

तुम्ही कोथरूडहून इंग्लंडात लीड्सला निघालाय, बरोबर सहा वर्षांची मुलगी. विचारलंय की एचआरपासून घराच्या एजंटपर्यंत सगळे मेलच्या शेवटी ‘फील फ्री टू रीच आउट’, म्हणजे ‘काही लागलं तर बिनधास्त विचारा’, असं लिहितात, ते खरं धरायचं का. व्हिसा, टीबीची टेस्ट वगैरे सरकारी साइटवर आहे, ते सोडते.

जिन्यात भेटल्यावर ‘या एकदा चहाला’ म्हणतात ना, वार न सांगता, तसंच आहे हे. वार आपण ठरवायचा. काय हवंय आणि कधीपर्यंत, ते मेलच्या पहिल्याच ओळीत लिहा. बहुतेक जण उत्तर देतात. स्वतः मात्र ‘रीच आउट’ जपून वापरा. माझ्या ऑफिसातल्या जुन्या इंग्रज मंडळींना ते अमेरिकन खूळ वाटतं. ‘काँटॅक्ट’ किंवा सरळ ‘आस्क’ पुरतं.

शाळेचं मात्र वेगळं. इंग्लंडात 31 ऑगस्टपर्यंत वय किती भरतं त्यावर इयत्ता ठरते, आणि चार पूर्ण झालेली पोरं सप्टेंबरात रिसेप्शनला, म्हणजे इयर वनच्या आधीच्या वर्गात जातात. म्हणजे आपल्याकडे नुकतंच पहिलीत बसलेलं सहा पूर्ण झालेलं मूल तिथे थेट इयर टूमध्ये. माझ्या मुलाचं तेच झालं. वर, पुण्यात इंग्रजी माध्यमात असूनही फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली, म्हणून त्याला भाषेच्या वेगळ्या गटात टाकलं. बाकीची पोरं बेरजा करताहेत आणि हा कार्डं बघून ‘अंब्रेला’ म्हणतोय! मेल केला. उत्तर: ‘थँक यू फॉर रीचिंग आउट.’ पुन्हा केला, पुन्हा तेच, फक्त खाली सही दुसरी. शेवटी सकाळी गेटवर उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकाबाईंना गाठलं, त्याची पुण्याची वही हातात दिली. पुढच्या आठवड्यात तो वर्गात. आता कॉलेजात आहे, त्याला यातलं काही आठवत नाही. माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही मराठीच लिहा, पण मुलीच्या वह्या बॅगेत घ्या.

एकटेपणा? येतो. नोव्हेंबरअखेर चारच्या सुमाराला अंधार पडतो. दिवे लावायचे, कुकर चढवायचा.

अमेरिकेत एटी अँड टी या फोन कंपनीने 1979 मध्ये ‘रीच आउट अँड टच समवन’ अशी जाहिरात काढली होती, लांबच्या माणसांना फोन करा म्हणून. मीही करायचे, ऑफिस सुटल्यावर. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, तिकडे साडेअकरा वाजलेले. आई नारायण पेठेत जागी बसलेली असायची आणि मी ‘जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का’ एवढं विचारून ठेवायचे. तिला काय सांगायचं असायचं, देव जाणे. तुम्ही दुपारच्या सुट्टीत करा. इथे एक म्हणजे पुण्यात साडेसहा. आणि निघायच्या आधी आईंना ही वेळ सांगून ठेवा, म्हणजे त्या तेव्हा भाजीला बाहेर पडणार नाहीत.